दारावरची पाटी

तारेचे वेढे मोजता मोजता तिने नुसता हात वर केला. घरमालक काका मुकाट्याने दारातच थांबले. जळालेली मोटर नव्या तारेने भरताना मध्ये बोललं की गणती चुकते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. मागे एकदा त्यांनी त्यावरून बोलणी खाल्ली होती.

काकांना लेकीच्या दवाखान्यासाठी ही जागा रिकामी करून हवी होती. वकिलाने बजावलं होतं, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं पूर्ण नाव आणा, एक चुकलं तरी दावा लटकेल. दारावरच्या पाटीवरून काकांनी तिच्या नवऱ्याचं नाव आधीच उतरवून घेतलं होतं. अर्धं काम झालं म्हणून स्वारी खुशीत होती.

शेवटचा वेढा बसला. तिने हात पुसले, काकांना स्टूल दिलं आणि कागद बघायला मागितला.

"हे नाव खोडा, काका. तो कधीच निघून गेला. दुसरा संसार आहे त्याचा."

नवरा बाहेरगावी नोकरीला आहे, असंच काका समजून होते. काका माणूस सरळ. तू गप्प बसली असतीस तर चुकीच्या नावावर दावा गेला असता आणि तुला लवकर कोणी हलवलं नसतं, हेही त्यांनी बोलून टाकलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "पण घर मी चालवते. काढायचं तर मला काढा. त्याला कशाला?"

भिंतीकडे तोंड करून पडलेल्या सासूबाई खाकरल्या. मलाही लिहा, नाहीतर ही जाईल आणि मी एकटी तुमच्या उरावर बसेन, असं त्यांनी काकांना सुनावलं. काकांना हसू आलं. मग म्हातारी उठून बसली आणि सुनेचं पूर्ण नाव तिनेच सांगितलं, सावकाश, ताठ मानेने. सुनेचा तिला केवढा अभिमान होता, तो आवाजातच कळत होता.

"आणि सूनबाई, स्क्रूड्रायव्हर घे. आधी माझ्या पोराची पाटी काढ."

सून जागची हलेना. सासूबाईंना वाईट वाटू नये म्हणूनच तर तिने ती पाटी आजवर राहू दिली होती.

"काढ म्हणते ना."

ती स्टुलावर चढली. स्टूल डुगडुगत होतं, म्हणून काकांनी कागद खिशात कोंबला आणि दोन्ही हातांनी ते धरलं. पाटी निघाली. मागे दाराचा जुना रंग कोरा राहिला होता.

काकांनी कागद खिशातच राहू दिला.

"तुझ्या नावाची नवी करायला टाक," ते म्हणाले. "जरा मोठी कर. रस्त्यावरून वाचता यायला हवी."