अठ्ठावीस घरांचा होकार

पुण्यात आमच्या विद्यापीठात इंटरनेटवर संशोधन करणारं एक केंद्र आहे. काचेची इमारत, आत गारठा आणि कॉफी फुकट. तिथं गेल्या वर्षी आम्हा बारा विद्यार्थ्यांना पगारी इंटर्नशिप मिळाली. तीन महिने काम, महिन्याला बारा हजार. निवड करताना तिथल्या प्रमुख प्रेरणा मॅडम मला म्हणाल्या, "हर्षदा, तू मावळातली ना? वाडीवरची? मग तर उत्तमच!" बाकीच्या अकरा जणांना त्यांनी कुठले म्हणून विचारलं नाही. मी मात्र तेव्हा चांगलीच फुशारले. आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मावळातल्या कुठल्या वाड्यांवर इंटरनेट पोचतं, कोण वापरतं, किती वापरतं, हे घरोघर विचारून टॅबमध्ये भरायचं, असं काम होतं. जिथं रेंज नाही त्या वाड्यांची यादी नव्या टॉवरच्या आराखड्याला जोडली जाणार होती. हे मला पहिल्याच दिवशी कळलं आणि मी मनात म्हटलं, आता आपली वाडी सुटली.

आमची वाडी लोहगडवाडीच्या पलीकडं, डोंगराच्या पोटाशी. ठाकरांची अठ्ठावीस घरं. फोन लावायचा तर मागच्या टेपाडावर चढायचं. रेशनचंही तेच. दुकानदार बाजीराव धान्य जीपमधून वाडीत आणतो, पण अंगठ्याचं मशीन वाडीत मुकं. मग तो ते काखोटीला मारून टेपाडावर जाऊन बसतो आणि सगळी वाडी त्याच्या मागं चढते. शेजारच्या बयाबाई मावशीचे गुडघे गेलेत. तिचा मुलगा दत्ता तिला पाठुंगळी घेऊन वर नेतो. आयुष्यभर लाकडं फोडून आणि भात लावून तिचा अंगठा इतका गुळगुळीत झालाय की मशीन तो चार-चारदा नाकारतं, आणि ती मशीनचीच माफी मागते. मला टॉवर हवा होता तो एवढ्यासाठी. व्हिडिओ बघायला नव्हे.

टॅब घेऊन मी वाडीत आले आणि आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं की हे काम नीट झालं तर पुढं तिथंच नोकरी लागेल. आबा नुसतेच हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं घर बयाबाईचं धरलं.

"मावशी, घरात इंटरनेट येतं का?"

"येतं की."

मला वाटलं, तिला प्रश्न कळला नाही. "मोबाईलवर नेट. हितं, घरात."

"व्हय व्हय, लय येतं."

"रोज किती वेळ वापरता?"

"तूच सांग, किती लिवलं म्हंजी बरं दिसंल?"

तिच्याकडं फोनच नव्हता. फोन दत्ताचा, तोही बटणांचा. मी हसले, ती हसली. पण पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी तेच. घरात रेंज? व्हय. पैसे मोबाईलवरून पाठवता? व्हय. सरकारी योजनांचे अर्ज नेटवर भरता? व्हय, व्हय. साऱ्या वाडीनं जणू शपथ घेतली होती.

दुपारी आबांना गाठलं तेव्हा उलगडा झाला. आदल्या संध्याकाळी ते घरोघर फिरून आले होते.

"तुजी परीक्षा हाय ना? म्हनलं, पोरगी काय बी इचारंल, समद्यांनी व्हय म्हनायचं. न्हाई म्हनायचं न्हाई."

यात आबांचं तरी काय चुकलं? आमच्या वाडीत आजवर जो कागद घेऊन आला त्याला 'नाही' म्हटलं की बोलणी खावी लागली. संडास आहे का म्हणून विचारायला आले होते, तेव्हा ज्यांनी नाही म्हटलं त्यांची नावं लाल पेनानं लिहून नेली आणि रेशन तोडायची धमकी दिली. 'होय' म्हणणाऱ्याला कुणी कधी त्रास दिला नाही. वाडीनं स्वतःला वाचवायला शिकलेली युक्ती या वेळी माझ्यासाठी वापरली होती.

मी परत सगळ्यांकडं गेले, खरं सांगितलं तरच टॉवर येईल म्हणून समजावलं. पण एकदा नोंदवलेली उत्तरं टॅबमध्ये बदलता येत नव्हती, आणि उरलेली घरं तर माझं समजावणंही परीक्षेचाच भाग समजली. "तू काळजी करू नगंस," म्हणाली आणि 'व्हय'वर अडून बसली.

ते अठ्ठावीस फॉर्म केंद्राला पाठवायचे तर वाडीत नेट कुठं होतं? घरोघर इंटरनेट जोरात चालतं, असं सांगणारे फॉर्म घेऊन मी टेपाड चढले आणि टॅब डोक्यावर धरून तासभर उभी राहिले. प्रत्येक फॉर्मखाली शेऱ्याची जागा होती. तिथं लिहिलं, 'उत्तरं खरी नाहीत. वाडीत रेंज नाही. फॉर्म टेपाडावरून पाठवले आहेत.'

आठवड्यानं मॅडमनी बोलावलं. चिडल्या नव्हत्या, मला त्याचाच राग आहे.

"हर्षदा, उत्तर देणाऱ्यानं सांगितलं ते उत्तर. बाकी सगळं तुझं मत. शेरे काढून टाक."

"मॅडम, पण मी तिथलीच आहे. मला माहितीये."

"तोच तर प्रश्न आहे. तू तिथली आहेस म्हणून तटस्थ नाहीस. शेरे ठेवायचे तर ही वाडी तुझ्या कामातून बाद करावी लागेल आणि दुसऱ्या कुणाकडून पुन्हा करून घ्यावी लागेल. चालेल? पण मग इंटर्नशिपनंतरच्या सहा महिन्यांच्या नेमणुकीसाठी तुझं नाव कसं सुचवू?"

निवडलं होतं ते तिथली म्हणून, आणि आता खोटी ठरत होते तीही तिथली म्हणूनच! हे तोंडावर म्हणायला हवं होतं. 'चालेल' असा एक शब्द म्हणायला हवा होता. दुसरं कुणी गेलं असतं, आबा मध्ये पडले नसते आणि वाडीनं खरं सांगितलं असतं. हे सगळं मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळत होतं.

मी शेरे काढले. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस, मॅडमसमोर, स्वतःच्या बोटानं. मला नेमणूक मिळाली.

अहवालात मावळचा रंगीत नकाशा होता. रेंज नसलेल्या वाड्या लाल, आमची हिरवीगार. टॉवरच्या यादीत आमचं नाव नव्हतं. एकही घर न चुकवल्याबद्दल माझं मात्र कौतुक छापलं होतं.

पुढच्या रेशनच्या दिवशी मी घरी होते. टेपाडावर सगळी वाडी जमलेली. बयाबाईला दत्तानं दगडावर बसवलं होतं, तो अजून धापा टाकत होता.

"टावर कवा येतोय गं?" तिनं विचारलं.

"न्हाई येनार, मावशी. यादीत आपलं नाव न्हाई."

"का गं?"

"समद्यांनी व्हय म्हनलं म्हून. त्यांना वाटलं, हितं रेंज हाय."

आबांनी टोपी काढली, हातात चुरगाळली. "चूक माजी हाय," ते म्हणाले. "मीच सांगत फिरलो."

मी बापाला सगळ्यांदेखत माझं पाप डोक्यावर घेऊ दिलं.

"आमी अडानी," बयाबाई म्हणाली, "पर तू तर तितं कामाला हाईस. तू सांगायचंस की त्यास्नी, हितं रेंज न्हाई म्हून."

"सांगितलं, मावशी. त्यांनी ऐकलं न्हाई."

तिनं लगेच खरं मानलं. वर माझ्याच पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "जाऊ दे पोरी, तू तरी काय करनार."