आधी फिरवा, मग न्या

राहू गावाच्या चौकात खतांच्या दुकानावर एक खोली आहे. तिथं रोज सकाळी सात वाजल्यापासून शॅरन ओहोळ लोकांचं रक्त घ्यायची. शिरूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबचं ते वर्षभरापूर्वी उघडलेलं कलेक्शन सेंटर. रक्त काढायचं, नळीवर नाव आणि वेळ लिहायची आणि नळ्या बर्फाच्या डब्यात उभ्या करायच्या, एवढंच तिथलं काम. साडेनऊला बन्सी मोटरसायकलवर यायचा. डबा मागच्या सीटला आवळायचा आणि वाटेतल्या पाच गावांचे डबे गोळा करत, पारगाव-न्हावरा करत, तीन-साडेतीनला शिरूर गाठायचा. संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट यायचे.

शॅरन छत्तीस वर्षांची. शिरूरच्या मिशन कंपाउंडमध्ये वाढलेली, चौदा वर्षं लॅबमध्ये काढलेली. सुई टोचलेली कळत नाही म्हणून बायका तिच्याकडंच हात पुढं करायच्या.

एप्रिलच्या एका शुक्रवारी सकाळी सरूबाई जिना चढून वर आली. साठीची बाई, कांदा काढणीतून तशीच आलेली, पायाला माती.

"बाई, काल तू रगत न्हेलंस आन् डाक्टरीण म्हनतीया पुन्यात ॲडमिट व्हा. पोटॅश का काय वाढलंय म्हनं."

"पोटॅशियम. किती आलंय?"

सरूबाईनं घडी केलेला कागद दिला. सहा पॉइंट चार. एवढं पोटॅशियम खरंच असेल तर हृदय कधीही बंद पडू शकतं. आणि समोरची बाई जिना चढून आली होती, तिला धापसुद्धा लागली नव्हती.

"मागल्या महिन्यातबी आसंच झालं व्हतं," सरूबाई म्हणाली. "पुन्यात दोन दिस मशिनीला बांधून ठिवलं. तिथं रगत तपासलं तर म्हनं सगळं ठीक हाय, जावा घरी. आन् हिकडं पुन्हा त्येच."

शॅरननं रजिस्टर काढलं आणि मागं चाळत गेली. दोन महिन्यांत अकरा जणांचं पोटॅशियम जास्त आलं होतं. अकराही जणांचं रक्त सकाळी साडेसात-आठच्या आत घेतलेलं. म्हणजे ज्यांच्या नळ्या डब्यात सगळ्यात जास्त वेळ राहिल्या, तेच आजारी निघाले होते.

तिचं बोट वेळेच्या रकान्यावरच थांबलं. कारण तिला माहीत होतं. अर्ध्या तासात रक्त गोठलं की ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. वेगानं फिरून लाल पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर सीरम सुटतं, मग ते सीरम कितीही लांब पाठवा. न फिरवता रक्त सात-आठ तास बर्फात ठेवलं, तर पेशींच्या आतलं पोटॅशियम पाझरून सीरममध्ये उतरतं. आजार माणसात नसतो, नळीत तयार होतो. कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलेली गोष्ट. ती वर्षभर डोळ्यांसमोर होती आणि साडेनऊच्या घाईत तिनं ती बघितली नव्हती.

तिनं तिथूनच लॅबचे मालक विश्वजीत सरांना फोन लावला.

"सर, राहूला सेंट्रिफ्यूज पाहिजे. सॅम्पल न फिरवता येतायत, पोटॅशियम खोटं वाढतंय."

"शॅरन, ते कलेक्शन सेंटर आहे, लॅब नाही. आणि तिथं सकाळी लाइट तरी असते का? मशीन कशावर चालवणार?"

"मग बन्सीभाऊंना थेट शिरूरला पाठवा. वाटेत थांबू नका म्हणावं."

"पाच गावं सोडून? तू फक्त रक्त घे. रिपोर्टचं आम्ही बघतो."

फोन बंद झाला. सरूबाई बाकावर बसून सगळं ऐकत होती. "काय म्हनला?"

"न्हाई म्हनला," शॅरन म्हणाली.

डॉक्टर नीलमचा दवाखाना चौकापलीकडं. शॅरननं तिथं जाऊन रजिस्टर दाखवलं. डॉक्टर नीलमनं सरूबाईचा ईसीजी काढला होता आणि तो अगदी साफ आला होता, तेव्हा त्यांनाही शंका होतीच. पण छापील रिपोर्ट हातात असताना नुसत्या शंकेवर बाईला घरी कसं ठेवायचं? सरूबाईच्या ब्लडप्रेशरच्या गोळीनं पोटॅशियम वाढू शकतं म्हणून मागच्या महिन्यात गोळी बंद केली होती, आणि आता प्रेशर वर गेलं होतं.

"मला उद्यापर्यंत काहीतरी पक्कं दे," त्या म्हणाल्या. "आज त्यांना मी इथंच खाटेवर ठेवते, दर दोन तासांनी ईसीजी बघते. उद्या तू परत रक्त घे."

दुपारच्या एसटीनं शॅरन शिरूरला गेली, दयाबाईआत्याकडं. आत्या मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं लॅब सांभाळायची. दवाखाना बंद झाला तेव्हा तिथलं एक यंत्र ती घरी घेऊन आली होती. हातानं फिरवायचं सेंट्रिफ्यूज. लोखंडी, टेबलाच्या कडेला स्क्रूनं आवळायचं, वर चार नळ्यांचे खिसे आणि बाजूला लाकडी मुठीचा दांडा.

आत्यानं दातेरी चाकाला शिलाई मशीनचं तेल घातलं आणि दांडा फिरवून बघितला. यंत्र गुरगुरलं, मग एका सुरात घोंगावायला लागलं.

"समोरासमोर सारख्या वजनाच्या नळ्या ठेव. एकच रक्ताची असेल तर समोर पाण्याची. नाहीतर थरथरून टेबलावरनं उडी मारेल. दहा मिनिटं फिरवायचं, मध्ये दम खायचा नाही. आणि संपलं की हातानं थांबवू नकोस, आपोआप थांबू दे. धक्का बसला की थर परत मिसळतात."

"आत्या, त्यांनी कामावरून काढलं तर?"

"काढतील की," आत्या म्हणाली. "तुला ते नक्की माहीत असेल तर आत्ताच मनाची तयारी कर. तिथं गेल्यावर रडू नकोस."

शनिवारी सकाळी साडेसातला शॅरननं सरूबाईच्या दंडाला पट्टा बांधला. एकाच टोचणीतून तिनं दोन नळ्या भरल्या. दोन्हीवर नाव, दोन्हीवर वेळ. पहिली नळी नेहमीसारखी बर्फाच्या डब्यात गेली. दुसरी तिनं स्टँडमध्ये उभी केली. अर्ध्या तासानं रक्त गोठलं, तेव्हा ती यंत्रात ठेवली, समोर पाणी भरलेली तेवढ्याच वजनाची नळी ठेवली आणि दांडा धरला.

पहिली दोन मिनिटं सोपी गेली. पाचव्या मिनिटाला खांदा भरून आला. तपासणीसाठी आलेली माणसं बाकावर बसून बघत होती.

"ताक घुसळल्यावानी हाय की," सरूबाई म्हणाली. "दे, मी फिरवते. माजंच रगत हाय."

"नको मावशी, वेग मोडेल. तुम्ही घड्याळाकडं बघा. दहा झाली की सांगा."

"सात झाली... आठ... बाई, हात बदलू नगं... दहा! सोड!"

शॅरननं दांडा सोडला. यंत्र हळूहळू मंदावत थांबलं. तिनं नळी वर काढून खिडकीच्या उजेडात धरली. तळाला गडद लाल गोळा आणि वर स्वच्छ, पिवळं सीरम. तिनं पिपेटनं ते अलगद उचलून दुसऱ्या नळीत घातलं आणि तीही डब्यात ठेवली. बन्सी साडेनऊला आला आणि रोजच्या वाटेनं गेला.

संध्याकाळी सहाला रिपोर्ट आले. न फिरवलेल्या नळीचं पोटॅशियम सहा पॉइंट तीन. फिरवलेल्या नळीचं चार पॉइंट चार, म्हणजे अगदी ठणठणीत. तीच बाई, तीच टोचणी, तोच डबा.

डॉक्टर नीलमनं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मग सरूबाईला म्हणाल्या, "घरी जा. तुमची प्रेशरची गोळी आजपासून परत सुरू."

सोमवारी सकाळी विश्वजीत सर स्वतः राहूला आले. खोलीत आठ-दहा माणसं होती. त्यांनी टेबलावरच्या यंत्राकडं बघितलं, मग शॅरनकडं.

"हे भंगार कुणाला विचारून लावलं?"

"आधी तुम्हालाच विचारलं होतं सर. शुक्रवारी."

त्यांनी आवाज खाली आणला. बॅगेतून एक टाइप केलेला कागद काढला. "हे बघ, वाढवायचं नाही. डॉक्टरीणबाईंनी लेखी विचारलंय, मला उत्तर द्यायला लागणार. यात एवढंच आहे, की रक्त ओढताना तुझ्याकडून चूक झाली, पेशी फुटल्या, म्हणून रिपोर्ट जास्त आले. सही कर. तुझी नोकरी कुठं जात नाही."

शॅरननं कागद पूर्ण वाचला. मग तो टेबलावर ठेवला.

"पेशी फुटल्या असत्या तर सीरम लालसर आलं असतं," ती म्हणाली. तिचा आवाज बाकापर्यंत जाईल एवढा होता. "तुमचं मशीन ते आपोआप तपासतं. या अकराही रिपोर्टवर खाली छापलंय, सीरम स्वच्छ, हिमोलिसिस नाही, म्हणजे पेशी फुटलेल्या नाहीत. माझ्या हातानं रक्त खराब झालं नाही सर. ते तुमच्या डब्यात सात तास न फिरवता पडलं, म्हणून झालं. माझी चूक एवढीच, की मी वर्षभर गप्प राहिले. ती लिहून देते."

तिनं कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूला लिहायला सुरुवात केली. अकरा नावं, रक्त घेतल्याची वेळ, बन्सी निघाल्याची वेळ, लॅबमध्ये नळी पोचल्याची वेळ. शेवटी शनिवारच्या दोन नळ्यांचे दोन आकडे. खाली पूर्ण नावानं सही केली आणि मोबाईलवर त्याचा फोटो काढून कागद सरांपुढं सरकवला.

"चाव्या दे," विश्वजीत सर म्हणाले.

तिनं चाव्या दिल्या. मग टेबलाचा स्क्रू सैल करून यंत्र उचललं. ते जड होतं. तपासणीला आलेली सरूबाईची सून पुढं झाली आणि तिनं एका बाजूनं धरलं. दोघी जिना उतरल्या तशी बाकावरची माणसंही एक एक करून उठली. सर तिथंच, बर्फाच्या डब्याशेजारी उभे राहिले.

मंगळवारी सेंटरवर नवी टेक्निशियन आली, सृष्टी नावाची. पहिला नंबर सरूबाईचा होता. तिची कसली तपासणी नव्हतीच, तरी ती बसली.

"हात पुढे करा आजी."

"करते की. यंत्र कुठं हाय?"

"कसलं यंत्र?"

"फिरवायचं. आधी फिरवा, मग न्या. न फिरवता माजं रगत शिरूरला जायचं न्हाई."

मागची बाई म्हणाली, "माजंबी न्हाई." त्या दिवशी बन्सी रिकामा डबा घेऊन गेला. बुधवारी तसंच. गुरुवारपर्यंत ही गोष्ट त्याच्याच मोटरसायकलवरून पुढच्या पाचही गावांत पोचली होती, कारण बन्सी ती प्रत्येक ठिकाणी रंगवून सांगत होता. तिथलेही लोक नळी देण्याआधी विचारायला लागले.

दहाव्या दिवशी खतांच्या दुकानावरच्या खोलीत विजेवर चालणारं नवं सेंट्रिफ्यूज आलं, बरोबर इन्व्हर्टरसुद्धा. त्याच संध्याकाळी विश्वजीत सरांचा फोन आला.

"मशीन बसवलंय. झालं ना मनासारखं? सोमवारपासून ये."

"त्या अकरा जणांना लेखी कळवा, की त्यांचे रिपोर्ट चुकीचे होते. मग येते."

"तसं लिहून दिलं तर लॅब बंद करावी लागेल मला."

"मग मी येत नाही सर."

तिनं फोन ठेवला. नोकरी गेली होती, आणि ती परत मिळत असताना तिनंच नाकारली होती. भीती वाटत होती. पण ती भीती वर्षभर गप्प बसण्यापेक्षा बरी होती.

डॉक्टर नीलमनं दवाखान्यातली मागची खोली तिला दिली. त्या अकरा जणांना नव्यानं तपासायचं दोघींनी ठरवलं. शॅरन घरोघरी जाऊन रक्त घ्यायची, मागच्या खोलीत आत्याच्या यंत्रावर फिरवायची आणि फक्त सीरम दौंडच्या दुसऱ्या लॅबला पाठवायची. उजवा खांदा दुखायला लागला तेव्हा यंत्र टेबलाच्या दुसऱ्या कडेला आवळून ती डाव्या हातानं फिरवायला शिकली. अकरापैकी दहा जणांचं पोटॅशियम बरोबर निघालं. एकाचं खरंच वाढलेलं होतं, त्याला डॉक्टरांनी त्याच दिवशी पुण्याला पाठवलं.

त्या अकरांतल्या म्हाळूआप्पांचं घर नदीच्या बाजूला, सगळ्यात लांब. शॅरन रिपोर्ट घेऊन गेली तेव्हा आप्पा जेवत होते. पोटॅशियम पोटात जाऊ नये म्हणून दोनदा उकळून पाणी फेकलेली भाजी, ना टोमॅटो, ना बटाटा. दोन महिने त्यांना फळाचा तुकडासुद्धा दिला नव्हता. बाहेर त्यांचीच केळीची बाग उभी होती.

"आप्पा, तुमचं पोटॅशियम चार पॉइंट दोन आहे. तुम्हाला काहीही झालेलं नव्हतं."

आप्पांनी घास ताटात ठेवला. "मंग त्यो कागद?"

"तो खोटा होता. ते रक्त मीच घेतलं होतं आणि फिरवल्याशिवाय जाऊ दिलं होतं. तेवढं सांगायला आले."

आप्पांनी ताट बाजूला सारलं. ती मान खाली न घालता उभी होती. मग त्यांनी आतल्या बाजूला हाक मारली, "अगं ए, केळ्याचा घड हिकडं आन. आन् ह्या बाईला बसायला टाक."

आप्पांनी लागोपाठ तीन केळी खाल्ली. चौथं सोलून त्यांनी शॅरनच्या हातात दिलं.