प्राचीचा खो

योगराज सर हात वर करून मैदानात शिरले आणि पंच अभिमन नानांनी खेळ थांबवला. सर साक्रीकडच्या मुलींच्या संघाचे. माणूस सज्जन, पण नियमाला पक्का. चालता चालता त्यांचं तोंड हलत होतं आणि त्यातला एकही शब्द नानांपर्यंत पोचत नव्हता.

नाना शिट्टी मुठीत धरून उभे राहिले. अशा वेळी काय करायचं ते त्यांना पाठ होतं. माणूस दोन हातांवर येईपर्यंत गप्प राहायचं, मग त्याच्या ओठांकडे बघायचं, आणि बघताना कपाळाला अशी आठी घालायची की समोरच्याला वाटावं, म्हातारा विचारात पडलाय.

"नाना, हा खो धरता येणार नाही," सरांचे ओठ म्हणाले. "त्या मुलीनं खो म्हटलंच नाही. नुसता घशातून आवाज काढला. फाउल आहे तो."

ती मुलगी म्हणजे प्राची, भिकुबाईची लेक. वय चौदा, जन्मापासून बहिरी. आताच तिनं बसलेल्या मोनालीच्या पाठीवर थाप मारून खो दिला होता, मोनाली बाणासारखी सुटली होती आणि साक्रीच्या एका मुलीला बाद करून आली होती. एरंडोल तालुक्यातलं नानांचं गाव दोन गुणांनी मागे, दोन मिनिटं उरलेली. हा गडी बाद धरला तर एकाच गुणाचं अंतर उरणार होतं.

पण नानांना गुणाची फिकीर नव्हती. प्राचीचा खो एकदा फाउल ठरला, की तिचा प्रत्येक खो फाउल. मग कुठला संघ तिला घेईल? दोन वर्षं ती याच मैदानाच्या कडेला मुलींच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसली होती. वाईट कुणीच वागत नव्हतं तिच्याशी, बिचारी म्हणून बिस्किटं द्यायचे. शेवटी नानांनीच भिकुबाईला बोलावलं, पोरीचा हात आईच्या गळ्यावर ठेवायला लावला आणि भिकुबाईकडून तासभर 'खो, खो' म्हणवून घेतलं. मग तो हात पोरीच्या स्वतःच्या गळ्यावर. तीन महिन्यांनी पोरीच्या गळ्यातून आवाज निघाला, तेव्हा भिकुबाई रडत-हसत म्हणाली, "निंघना, नाना, आवाज निंघना!" नानांनी मान डोलावली. तो आवाज कसा आहे हे त्यांना तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नव्हतं.

कारण नानांचे कान जिनिंगनं खाल्ले होते. तीस वर्षं कापसाच्या त्या कारखान्यात ते फिटर होते. सरकी एकीकडे, रुई दुसरीकडे, आणि मधे दिवसभर यंत्रांचा धडधडाट. नोकरी संपल्यावर धडधडाट थांबेल असं वाटलं होतं. तो थांबला, पण जाताना बाकीचे आवाजही घेऊन गेला. आधी पाखरं गेली, मग बायकोची हाक, मग पोरांचा गलका. लहानपणी विहिरीच्या तळाशी बुडी मारून वर बघावं, तसं जग दिसायला लागलं. मुली पळायच्या, वेण्या उडायच्या, पावलांखालून धूळ उठून उन्हात तरंगत राहायची, आणि हे सगळं कसं अलगद, आवाजावाचून. खरं सांगायचं तर नानांना ते आवडायला लागलं होतं. इतका सुंदर खो-खो त्यांनी कान शाबूत असताना कधी पाहिला नव्हता. आजही थंडीचं कोवळं ऊन पडलं होतं, बाजूच्या वावरातून कापसाचे चुकार पुंजके वाऱ्यावर येत होते आणि नानांना सकाळपासून आपण जागे आहोत की झोपेत, असं होत होतं.

पंचगिरी चाललीच होती. 'खो' म्हणताना ओठ गोल होतात, गळ्याची शीर ताणते, तेवढं टिपायचं आणि शिट्टी मारायची. चार वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. गाव तर म्हणायचं, नानांची नजर काय तेज आहे! असणारच, बिचारी दोघांचं काम करत होती.

एकदाच घात झाला. गेल्या वर्षी एका सामन्यात एका चलाख पोरीनं नुसतेच ओठ गोल केले, आवाज काढलाच नाही. पळणारी बेसावध राहिली आणि बाद झाली. नंतर ती बाद झालेली मुलगी नानांसमोर उभी राहून रडत काहीतरी सांगत होती. भरभर बोलत होती, ओठ थरथरत होते, नानांना एक अक्षर लागेना. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून मान डोलावली. ती त्यांच्याकडे अशी पाहत निघून गेली की त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. तरी शिट्टी काही गळ्यातून उतरली नाही. गावात अभिमन फिटरला ओळखणारे थोडे, पण अभिमन पंचाला पोरंसोरंही वाट सोडायची. ते पंचपण सोडणं जिवावर येत होतं.

"मैदानाच्या तुमच्या बाजूला झालंय हे," योगराज सर म्हणत होते. "माझा तुमच्यावर विश्वास आहे. तुम्हाला खो ऐकू आला का, एवढंच सांगा. हो म्हणालात तर मी गुपचूप जाऊन बसतो."

एका 'हो'नं भागत होतं. नानांनी तोंड उघडलं आणि त्यांची नजर प्राचीवर गेली. ती त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत होती. साऱ्या मैदानात ती एकटीच अशी होती, जिला ओठांवरचं खरंखोटं वाचता येत होतं.

"सर, माले ऐकू नही उना," नाना म्हणाले.

प्राचीचा चेहरा पडला. कडेला बसलेल्या गावकऱ्यांची तोंडं एकदम उघडली. नानांनी हात वर केला.

"तिना नही, अन् बाकीन्या पोरीस्ना बी नही. सकायपासून एक बी खो मना कानमा पडेल नही. चार वरीस व्हई ग्यात. मी तोंडं देखीसन शिट्टी मारस."

तेवढ्यात धुळ्याहून आलेली दुसरी पंच, स्नेहल, पलीकडून धावत आली. नानांना तिचं बोलणं अर्धं ओठांवरून कळलं, अर्धं हातांवरून.

"सर, मी त्या टोकाला होते तरी मला तिचा आवाज आला. सकाळपासून येतोय. आपल्यासारखा खो नाही, पण मोठ्यानं, आणि दर वेळी तोच. ओरडायचा नियम आहे तो पळणाऱ्याला फसवू नये म्हणूनच ना? मग हिलाच विचारू या." ती बाद झालेल्या साक्रीच्या मुलीकडे वळली. "तुला कळलं होतं का खो दिला ते?"

मुलीनं आधी आपल्या सरांकडे पाहिलं, मग पायाकडे. खोटं बोलली असती तर कुणाला कळलं असतं? तिचा संघ जिंकायचा होता, आपल्या तालुक्याहून इतक्या लांब आली होती.

"कळनं व्हतं," तिचे ओठ म्हणाले. "मी वळनी बी. पन पाय सटकना."

योगराज सरांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "मग बाद," ते म्हणाले. नानांना वाटलं, त्या पोरीच्या पाया पडावं.

त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली. सरांनी त्यांचा हात धरला, राहू द्या म्हणाले, एवढा सामना तरी पुरा करा.

"नही, सर. तिना खो खरा शे. मनी शिट्टी खोटी शे."

शाळेतल्या एका बाईंनी शिट्टी घेतली. नाना आखणीच्या बाहेर आले आणि घोटाळ्यात पडले, कारण बघ्यांनी कुठं बसायचं असतं हेच त्यांना पंचगिरीच्या एकतीस वर्षांत कळायचं काही कारण पडलं नव्हतं. कुणीतरी सरकून पोत्यावर जागा दिली. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी धुळीच्या नावावर खपवलं.

खेळ पुन्हा सुरू झाला. शेवटच्या मिनिटात एका मुलीला बाद करताना प्राचीनं चुकून खांबांमधली मधली पाटी ओलांडली. स्नेहलनं हात आडवा करून फाउल दिला, तेव्हा पोरगी दोन्ही हात नाचवून अशी भांडली की नाना खदखदून हसले. बिचारी म्हणून बिस्किट घेणारी ही पोर नव्हे! फाउल काही मागे घेतला गेला नाही. गाव एका गुणानं हरलं.

मग माणसं नानांभोवती गोळा झाली. शेजारचा झिपरू त्यांच्या कानाला तोंड लावून ओरडत होता, गळ्याच्या शिरा फुगवून. बाकीचे हातवारे करत होते, कुणी कीव केल्यासारखं बघत होतं. इतक्या जवळून ओरडल्यावर ओठच दिसेनात, त्यामुळे नानांना काही म्हणजे काही कळेना. आता गाव मरेपर्यंत आपल्याशी असंच ओरडून बोलणार, हे मात्र कळलं, आणि फार एकटं वाटलं.

भिकुबाई गर्दीतून वाट काढत आली. तिनं झिपरूला बाजूला सारलं, नानांच्या समोर उजेडाकडे तोंड करून बसली आणि रोज घरी प्राचीशी बोलायची तशीच, हळू, एकेक शब्द मोकळा करत बोलली.

"नाना, पोरगी इचारस, उद्या सरावले कितला वाजता येवानं?"

नानांना एकूण एक शब्द कळला.

"सातले," ते म्हणाले. आवाज बराच मोठा निघाला असावा, कारण मैदानातल्या सगळ्या माणसांनी वळून पाहिलं.