पेटी गाडीत चढणार नाही

मी लग्न होऊन तीर्थपुरीला आले तेव्हापासून आमचं घर दरवर्षी फिरायला जातं आणि आमच्याबरोबर एक पत्र्याची पेटी जाते. शेगडी, कुकर, परात, पीठ, डाळ, मसाले, सगळं तिच्यात. आम्ही जैन. कांदा-लसूण चालत नाही, जेवण सूर्य मावळायच्या आत. म्हणजे जिथं उतरू तिथं पेटी उघडायची आणि मी कामाला लागायचं.

शेजारणी विचारतात, संतोषबाई, उटी कशी आहे हो? काय सांगणार, डाळीला शिट्ट्या जास्त लागतात, अशी आहे. महाबळेश्वरला मटार ताजा मिळतो. आबूला देलवाड्याचं दर्शन तेवढं झालं, कारण देवाच्या दारातून मला माघारी पाठवायची कुणाची छाती नव्हती. पण प्रत्येक थंड हवेच्या गावात सूर्यास्त बघायची एक जागा असते, आणि ती मी कुठंच पाहिलेली नाही. सगळे वेळेत जेवून तिकडं जातात, तेव्हा मी भांडी घासत असते.

यंदा सिक्कीम ठरलं. सुनेनं, आयुषीनं मोबाइलवर दाखवलं. पहाटे कांचनजंगाच्या बर्फावर पडणारं ऊन, रुमटेकचा मठ, डोंगरावर दोऱ्यांना बांधलेल्या रंगीत पताका. मला ते बघायचंच होतं. साठी उलटली आहे, गुडघे बोलायला लागले आहेत. या खेपेला राहिलं तर कायमचं राहिलं.

तेवढ्यात आमचे हे, गिरधारीलालजी, सुनेला म्हणाले, "आयुषी, पेटी कशी भरायची ते सासूजवळ शिकून घे. पुढं तुलाच बघायचंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी पेटी मी नेहमीसारखी भरून ठेवली.

निघायच्या सकाळी मुनीरभाईंची भाड्याची जीप आमच्या दुकानासमोर उभी राहिली. जालन्याला रेल्वे गाठायची होती. ते पेटी टपावर चढवायला लागले.

"मुनीरभाई, ती खाली ठेवा," मी म्हटलं.

"कामून?" हे म्हणाले.

"ती येणार न्हाई. मी फिरायला येऊन राह्यले, रांधायला न्हाई."

"मंग आम्ही खायचं काय?"

"खाकरे घेतलेत, दशम्या घेतल्यात. तिथं हाटेलात बिनकांद्याचं करून देतात, टायमावर देतात. आयुषीनं फोनवर बराबर विचारलंय."

"हाटेलाचा काय भरोसा? माझ्यानं न्हाई होणार."

ते खोटं बोलत नव्हते. हा माणूस बाहेरचं पाणीसुद्धा पीत नाही, नियमाचा पक्का. पण नियम ह्यांचे आणि राबायचे हात माझे, हे मला आता पुरे झालं होतं.

मी हटत नाही म्हटल्यावर ते चिडले. "तुला जमत न्हाई तर राहा घरी. तुझ्या जागी जालन्याहून एखादा स्वयंपाकी घेतो."

तुझ्या जागी. इतकी वर्षं मी समजत होते, मी ह्यांच्याबरोबर फिरायला जाते. जागा स्वयंपाक्याची होती, मी ती चालवत होते. वाईट वाटलं. घरात असते तर रडले असते. पण भर रस्त्यात, बाजारपेठ उघडत असताना, मला रडायचं नव्हतं.

मी जीपचं दार उघडलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. मागून आयुषी आली. तिनं आपली बॅग आत ठेवली आणि चढली.

"मम्मी, लोक बघून राह्यलेत," अर्पित हळूच म्हणाला. माझा मुलगा गुणाचा आहे, पण लोकांना फार भितो.

"बघू दे. मी बी बघायलाच चालले."

हे मात्र दुकानाच्या पायरीजवळ पेटीवरच बसले. "पेटी न्हाई तर मी बी न्हाई." ते माझ्याकडं बघत होते. मी खाली उतरेन याची त्यांना खात्री होती, कारण आजवर मी उतरत आले होते.

अर्पितनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा आयुषीकडं. मग तोही मागं चढला.

ह्यांचा आवाज एकदम उतरला. "अगं, अन् मी इथं जेवायचं काय?"

"तुम्ही जिच्यावर बसलात ना, तिच्यात सगळं आहे," मी म्हटलं. "डाळ आधी भिजवा. मुनीरभाई, काढा गाडी."