सिस्टरबाईंची टू-स्ट्रोक

सिस्टरबाईंनी तरुणपणी शर्यतीत पळवलेली टू-स्ट्रोक मोटारसायकल तीस वर्षं थोरल्या भावाच्या गोदामात धूळ खात पडली होती. रुग्णालयातून निवृत्त होताच त्यांनी ती घरी आणली आणि बैठकीच्या खोलीत सुटी करून टाकली. भावाच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"साठी उलटली तुझी. लोक काय म्हणतील?"

"त्यांना माझा पत्ता दे, दादा. काय ते इथं येऊन म्हणू देत."

सिलिंडरमध्ये जाम झालेला पिस्टन त्यांनी आठवडाभर तेल मुरवून सोडवला, नव्या रिंगा बसवल्या, कार्ब्युरेटर लख्ख केला.

गाडी जोडून झाली त्या रविवारी दादा थेट भंगारवाल्यालाच घेऊन दारात हजर झाले. सिस्टरबाईंनी गाडी अंगणात काढली. दोन किका फुकट गेल्या. दादा गालातल्या गालात हसले. तिसऱ्या किकेला इंजिन असं कडाडलं, की निळ्या धुरात दादा दिसेनासे झाले.

"साहेब, चालती गाडी आम्ही नेत नाही," भंगारवाला म्हणाला.

"मग मीच नेते," म्हणत सिस्टरबाईंनी हेल्मेटचा पट्टा आवळला.

दादा मागून हाका मारत राहिले. त्या टेकडीच्या कच्च्या रस्त्याला लागल्या होत्या आणि बऱ्याच वर्षांनी मोठ्यानं हसत होत्या.