पंखाखालचा शिक्का

विठाचं आंतरदेशीय पत्र आलं तेव्हा विष्णुपंत जेवत होते. हात धुऊन, पुसून, चष्मा बदलून त्यांनी ते दोनदा वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. ही गोष्ट १९८९च्या फेब्रुवारीतली. पुढचे एकोणीस दिवस ते बसलेलेच होते.

अंबरनाथ पश्चिमेच्या एका लहानशा वाचनालयात विष्णुपंतांनी तीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली होती. निवृत्त झाल्यावरही रविवारी जाऊन ते पुस्तकांवर परतीच्या तारखेचा शिक्का मारत. विठा त्यांची जुनी वाचक, आता बदलापूर गावात दिलेली. तिनं लिहिलं होतं :

‘काका, तुम्हीच दिलेलं कुक्कुटपालनाचं पुस्तक वाचून आम्ही शेड घातली. आता इकडे मानमोडीची साथ आलीय. कोंबडीची मान वाकडी होते, पंख पडतात, आणि दोन-चार दिवसांत शेड रिकामी. सरकारी दवाखान्यात लस आहे. पण गावात एक बाबा आलेत, ते मेलेली कोंबडी उठवतात. सुई टोचली तर कोप होईल म्हणतात. शेड सासूबाईंच्या शब्दावर चालते आणि सासूबाई बाबांच्या. पण शिकलेल्या माणसानं लिहिलेलं त्या मानतात. दोन ओळी लिहा. शेजारचे दौलतरावही तुमच्या उत्तराची वाट बघतायत.’

विष्णुपंतांनी आयुष्यात कोंबडी हातात धरलेली नव्हती. अंडी आणली तर ज्या कागदात बांधून मिळत तो ते आधी वाचून काढत. आपण कोण सांगणारे? पहिला मसुदा त्यांना उद्धट वाटला. दुसऱ्यात सहा वेळा ‘कदाचित’ आलं. तिसरा लिहिताना शंका आली, की आपण वाचलेलं पुस्तक जुनं असेल तर? चौथा त्यांनी पाकिटात घातला, आणि पाकीट टेबलाच्या खणात.

विसाव्या दिवशी, रविवारी, ते शबनम खांद्याला लावून बदलापूर गावात उतरले. लिहिण्यापेक्षा बोलणं सोपं जाईल, असा त्यांचा हिशेब होता. तो चुकीचा होता.

विठाच्या घराअलीकडे एक माणूस खड्ड्यावर चुना फेकत होता.

“कोण, अंबरनाथचे काका ना?” तो म्हणाला. “मी दौलतराव. चारशे होत्या माझ्या. बाबांच्या दरबारला गेलो, त्यांनी उठवलेली कोंबडी आणली, शेडमध्ये सोडली. आठवड्याच्या आत सगळ्या खाली. बाबा बोलले, भक्ती कमी पडली.” त्यानं घमेलं खाली ठेवलं. “चारशे कोंबड्यांना पुरेल एवढी भक्ती माणसानं आणायची कुठून हो?”

विष्णुपंतांनी शबनम एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली.

“तुमचं पत्र काय आलं नाय,” दौलतराव म्हणाला. रागानं नव्हे. ते जास्त लागलं.

विठाच्या अंगणात सासूबाई बनूबाई निघण्याच्या तयारीत होत्या. पाटीत एक पांढरीशुभ्र कोंबडी. ती दरबारात मरणार, तिचं मरण बाबा स्वतःवर घेणार, ती मेलेली उठणार, आणि ती घरी आणून सोडली की शेडमधल्या बाकीच्या पाचशेंना रोग शिवणार नाही, असा बेत होता.

“मास्तर, तुम्ही पण चला,” बनूबाई म्हणाल्या. कुणीही चष्मेवाला त्यांच्या लेखी मास्तर. “डोळ्यांनी बघा. मंग बोला.” आणि त्या लुगडं बदलायला आत गेल्या.

“काका, उद्या डॉक्टर लस घेऊन येणारेत,” विठा हलक्या आवाजात म्हणाली. “ती कोंबडी परत येऊन शेडमध्ये गेली, तर टोचायला उरणार काय?”

विष्णुपंतांनी पाटीत पाहिलं, मग शेडकडे. पाचशे पांढऱ्या कोंबड्या, एकीसारखी एक. जणू एकाच पुस्तकाच्या पाचशे प्रती. त्यांच्या डोक्यात काहीतरी हललं. शबनममधून त्यांनी शिक्का काढला, शाईची डबी काढली.

“विठा, पंख जरा वर धर.”

“काका, हे काय?”

“सवय,” विष्णुपंत म्हणाले, आणि पंखाखालच्या उघड्या कातडीवर जांभळ्या अक्षरांत उमटलं : परत करण्याची तारीख १२ मार्च.

दरबार नदीकडच्या मोकळ्या जागेत भरला होता. मांडव, लाउडस्पीकर, आणि दीड-दोनशे माणसं, प्रत्येकाच्या काखेत कोंबडी. माणसं वांगणीची, कल्याणकडची, उल्हासनगरची. निरोगी कोंबड्या होत्या, माना टाकलेल्याही होत्या, आणि रांगेत त्या एकमेकींच्या चोचीत चोच घालत होत्या. एवढ्या तातडीनं साथ पसरवायची म्हटली तर सरकारलाही जमलं नसतं.

मानमोडीबाबा खुर्चीवर बसले होते. भगवी कफनी, मनगटावर सोनेरी घड्याळ, हातात चांदीची म्हणून स्टीलची काठी. पूर्वी उल्हासनगरच्या कॅम्प ५ मध्ये त्यांचं मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं, असं लोक सांगत. तिथंही बिघडलेली वस्तू पडद्यामागे जायची आणि दुसरीच बाहेर यायची म्हणे.

“कोंबडीला आत्मा असतो!” बाबा माइकवर गरजले. “केवढा? एवढासा! राईएवढा! आणि डॉक्टर काय करतो? पंखाखाली भोक पाडतो! मग आत्मा थांबेल का? भोकातून सुटणार! पंक्चर झाल्यावर हवा थांबते का?”

“नाय थांबत!” लोक ओरडले.

“मग सुई हवी का बाबा हवा?”

“बाबा हवा!”

हवा हा शब्द दोन्हीकडे शोभून दिसतोय, असं विष्णुपंतांच्या मनात आलं. पण ते कुणाला सांगण्याचं धैर्य झालं नाही.

“ओ अंकल, लाइन में,” एका चेल्यानं त्यांना ढकललं आणि बनूबाईंची कोंबडी उचलून पडद्यामागे नेली. शंख वाजला. धूप पेटला. चेल्यानं पडद्यामागून पांढरी कोंबडी आणून पाटावर आडवी ठेवली. पाय ताठ, हालचाल नाही.

“मेली!” बाबा कळवळले. “आईच्या कोंबडीचं मरण आम्ही घेतलं!” त्यांनी डोळे फिरवले, काठी आपटली, टाळी वाजवली. कोंबडी फडफडून उठली आणि पाटावरून खाली उडाली. जयजयकार झाला. बनूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

विष्णुपंत पुढं झाले. तोंड उघडलं. आणि चष्माच पुसू लागले.

विठानंच कोंबडी पकडली आणि पंख वर केला. “सासूबाई, ही आपली नाय. आपल्या कोंबडीला काकांनी शिक्का मारला होता. इथं कुठाय?”

माणसं माना उंचावून पंखाखाली बघू लागली. मग बाबा मंद हसले.

“बेटी, शिक्का कशावर मारला होता? देहावर. तो देह मेला. हा नवा देह आहे. नव्या देहावर जुना शिक्का कसा असेल?”

लोकांनी माना डोलावल्या. एक म्हातारा म्हणाला, “बरोबर आहे की.”

हा युक्तिवाद विष्णुपंतांनाही क्षणभर पटला. पटणं हाच त्यांचा जन्मजात आजार होता. पण तीस वर्षं त्यांनी आणखी एक गोष्ट केली होती. ‘पुस्तक हरवलं’ म्हणणाऱ्याला ते कधी काही बोलत नसत. फक्त जाऊन कपाटामागे बघत. गर्दीत ज्याच्याकडे कुणी पाहत नाही अशा माणसाची एक सोय असते. ते मांडवाच्या कडेनं गेले आणि पडदा बाजूला सारून आत शिरले.

आत वेताच्या डालग्या होत्या. एकेका डालगीत पंधरा-वीस पांढऱ्या कोंबड्या, धडधाकट आणि माना पिरगळलेल्या एकाच ठिकाणी कोंबलेल्या, एकाच भांड्यातलं हिरवट पाणी पिणाऱ्या. याच डालग्यांतून धडधाकट दिसणाऱ्या कोंबड्या ‘उठून’ घरोघरी जात होत्या. दौलतरावच्या चारशे इथल्याच कोंबडीमुळे मेल्या होत्या. चौथ्या डालगीत विष्णुपंतांना जांभळी अक्षरं दिसली.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कोंबडी धरली. तिनं त्यांना चोच मारली, बाहीवर घाण केली. तरी ती छातीशी धरून ते मांडवात आले आणि पंख वर केला.

“ही,” त्यांचा आवाज चिरकला, “ही मेलीच नव्हती. आत होती.”

“चोर! याने आणून ठेवली!” चेला ओरडला. “मग ती उठली कशी? मेलेली कोंबडी उठली ती सगळ्यांनी बघितली ना?”

 हे विष्णुपंतांनी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. आता पुन्हा सगळं बाबांकडे जाणार, असं दिसत होतं.

तेवढ्यात बनूबाई पुढं आल्या. त्यांनी शिक्क्याची कोंबडी घेतली, तिचं डोकं पंखाखाली खुपसलं, पाळण्यातल्या पोरासारखे चार-सहा झोके दिले आणि पाटावर आडवी ठेवली. कोंबडी ताठ. डोळा मिटलेला.

“मेली,” बनूबाई म्हणाल्या.

मग त्यांनी टाळी वाजवली. कोंबडी दचकून उठली.

“माझी आई खुडूक कोंबडीला अशीच निजवून दुसरीच्या अंड्यांवर ठेवायची,” त्या सावकाश म्हणाल्या. “मी पन्नास वर्षं हेच करते. चुलीपाशी. तेव्हा मला कुणी हार घातला नाय रे बाबा.” मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. “माइक नव्हता ना! म्हणून ओळखलं नाय!”

पहिलं हसू एका बाईचं फुटलं. मग दुसरीचं. रांगेतल्या निम्म्या बायकांनी घरी हे केलेलं होतं. बाबांना अचानक समाधी लागली, आणि समाधीतच ते टेम्पोकडे चालू लागले. लोक आपापली कोंबडी शोधायला पडद्याकडे धावले.

“नका नेऊ घरी!” विष्णुपंत ओरडले. खरंच ओरडले. “आजारी कोंबड्यांत राहिल्यात त्या! डॉक्टरांना बोलवा आधी!”

काहींनी ऐकलं, काहींनी नाही. बनूबाईंनी शिक्क्याची कोंबडी तिथंच डालग्यांजवळ ठेवली, मागं वळून न बघता.

घराच्या फाटकापाशी हातपाय चुन्याच्या पाण्यानं धुताना त्या म्हणाल्या, “मास्तर, ते पत्राचं उत्तर लिहा आता. तुमच्या सहीनं. हे आजचं उद्या लोक विसरतील, बाबा दुसरीकडे गुरं उठवायला बसेल. कागद असला की मी दाखवीन.”

त्या संध्याकाळी अंबरनाथला परतल्यावर विष्णुपंतांनी एकाच बैठकीत लिहिलं.

‘चि. विठा हिस आशीर्वाद. तू विचारलंस त्याचं उत्तर : लस टोच. सुईच्या भोकातून आत्मा जात नाही. मानमोडी हा कोप नाही, रोग आहे. तो कोंबडीकडून कोंबडीला जातो, आणि माणसाच्या चपलेवरून, पाटीतून, दरबारातूनही जातो. म्हणून बाहेरची कोंबडी शेडमध्ये आणू नये, मेलेली खोल पुरावी, वर चुना टाकावा, पाय धुऊन आत जावं. मेलेलं कुणी उठवू शकत नाही. उठलं, तर ते मेलेलं नव्हतं, एवढंच समजावं आणि पडद्यामागे जाऊन बघावं. भीती वाटली तरी बघावं. मलाही वाटली.

हे उत्तर वीस दिवस उशिरा येत आहे. दौलतरावांच्या चारशे कोंबड्यांतल्या काही या उशिरामुळे गेल्या. हे पत्र सगळ्यांत आधी त्यांना वाचून दाखव. बाबा खोटं बोलला, आणि मला खरं माहीत असून मी बोललो नाही. त्यांच्यापुढे दोघांचा दोष मोजायला मी धजत नाही.’

सहीखाली त्यांनी जुन्या सवयीनं तारखेचा शिक्का मारला. या पत्रात ‘कदाचित’ एकदाही आलं नव्हतं. चप्पल घालून ते नाक्यावरच्या लाल पेटीपर्यंत गेले, पाकीट आत सोडलं, आणि ते तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत कान देऊन उभे राहिले.