धवल्याआधीचा आवाज

हरिहर आठल्ये रेकॉर्डिंगच्या धंद्यात पडले, तेव्हा एक साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात यायला हवी होती. या धंद्यातला पहिला शब्द ‘टेक’, म्हणजे गाणं भरायचा एकेक प्रयत्न, आणि हरिहरराव लहानपणापासून ‘ट’वर अडत आलेले. इतर अक्षरांशी ते कसंबसं जमवून घेत, पण ‘ट’ एकदा अडला की सुटायचं नाव नाही. काचेपलीकडे बुवा डोळे मिटून तयार, टेप फिरतेय, आणि माइकवर हरिहरराव ‘ट… ट… ट…’ करताहेत. पहिल्याच महिन्यात एका भजनी मंडळाच्या पखवाजवाल्याने त्यालाच ठेका समजून हात टाकला. सगळी मंडळी पोट धरून हसली. हरिहररावही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या असलेल्या मंदाकिनीबाईंना ते कान दिसले. त्या शाळेत मराठी शिकवायच्या, चाळीस पोरांचा वर्ग एका वाक्यात गप्प करण्याची त्यांना सवय. ट्रे खाली ठेवून त्यांनी माइकचं बटण दाबलं आणि म्हणाल्या, “अभंग पहिला. टेक दुसरा. सावकाश, घाई नाही.” त्या दिवसापासून हेच ठरून गेलं. शाळा सकाळची, रेकॉर्डिंग दुपारचं. पुढची पंचवीस वर्षं स्टुडिओतल्या प्रत्येक टेपच्या सुरुवातीला मंदाकिनीबाईंचा आवाज असायचा.

स्टुडिओ म्हणजे तरी काय? डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडवरच्या एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. हरिहरराव आधी एमआयडीसीतल्या कारखान्यात बिघडलेली यंत्रं दुरुस्त करायचे. शहाऐंशी साली ती नोकरी सोडली तेव्हा सासऱ्यांनी अबोला धरला, पण सासूबाईंनी गुपचूप अकरा जुन्या गोधड्या पाठवून दिल्या. त्या भिंतींवर ठोकल्या आणि खोलीचा घुमारा गेला. कारखान्याचा भोंगा वाजला की काम थांबायचं. वरच्या मजल्यावरच्या कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत मोठमोठे गवई पेटीवर हात ठेवून गप्पा मारत बसायचे. आरत्या झाल्या, शाळांची समूहगीतं झाली, निवडणुकीच्या जीपवरच्या घोषणाही झाल्या. हल्ली घोडबंदर रोडला काचेचे स्टुडिओ आहेत आणि तिथे भोंगा ऐकू येत नाही, हे खरं. पण तिथे कुकर होईपर्यंत एकमेकांशी चार शब्द बोलावे लागत नाहीत, हेही तितकंच खरं.

हरिहररावांचा एक नियम होता, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. गाण्यात गाण्याशिवाय काही नको. खोकला, कागदाची सळसळ, माइकवरची सूचना, सगळं ब्लेडने कापायचं आणि फीत पुन्हा जोडायची. दोन हजार अकरा साली मुलाने, अनिमेषने, घरात कॉम्प्युटर आणून दिला, तेव्हा हरिहररावांनी आठ महिने खपून कपाटातल्या सगळ्या टेपा, कापलेल्या आणि न कापलेल्या कच्च्याही, त्यात उतरवल्या. प्रत्येक गाणं पहिल्या सुरापासून. त्याआधीचं सगळं साफ. मग बुरशी लागलेल्या त्या टेपा भंगारवाल्याला देऊन टाकल्या. गठ्ठे बांधायला मंदाकिनीबाईच होत्या.

“अहो, माझं बोलणंही गेलं की यात,” त्या हसत म्हणाल्या होत्या.

“तू आहेस ना स-समोर,” हरिहरराव म्हणाले.

दोन वर्षांनी मंदाकिनीबाईंच्या गळ्यात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. जीव वाचला. बोलणं गेलं ते कायमचंच. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं. त्यातून निघालेला घरघरता आवाज त्यांनी एकदाच ऐकला आणि डबा बंद करून माळ्यावर टाकला. तेव्हापासून त्यांच्या हाती एक छोटी पांढरी पाटी आणि पेन असतं. अक्षर शिक्षिकेचं, वळणदार. घरात भांडणंसुद्धा शुद्धलेखनाचे नियम पाळून व्हायला लागली.

अकरा वर्षं अशी गेली. यंदा संक्रांतीला नात क्षिप्रा त्यांच्या मांडीवर बसून म्हणाली, “आजी, तुझा आवाज कसा होता गं? आईसारखा की सुमेधाटीचरसारखा?” मंदाकिनीबाई हसल्या, पाटीवर काहीतरी गमतीचं लिहिलं. पण दुपारी सगळे पांगल्यावर त्यांनी पाटी हरिहररावांपुढे धरली.

‘माझा आवाज कसा होता, ते मलाच आठवेनासं झालंय.’

हरिहरराव तडक उठले. त्यांनी कॉम्प्युटर उघडला. हजारो गाणी होती. कुठल्या मंडळाच्या झांजा बद्द होत्या, तेही तिथे जपून ठेवलेलं. बायकोचा एक शब्द नव्हता. अनिमेषच्या लग्नाची सीडी लावली, तर तिच्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी चिकटवलेली. त्या काळचे फोनही साधे, बटणांचे. आयुष्यभर लोकांचे आवाज सांभाळले आणि घरातला आवाज आपल्या हाताने कापून भंगारात घातला, हे त्यांना त्या दुपारी पहिल्यांदा लख्ख दिसलं. ते खुर्चीतच बसून रडले. मंदाकिनीबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

चार दिवसांनी दाढी करता करता त्यांना सगुणाबाई आठवल्या.

सगुणाबाई मानपाड्यापलीकडच्या आगरी गावातल्या धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून वरातीपर्यंतचे विधी धवलारीण गाऊन करते. ती गाणी म्हणजे धवले. तिने गायल्याशिवाय मांडवातलं पान हलत नाही. चौऱ्याण्णव साली कोणीतरी त्यांना स्टुडिओत आणलं. बाईंनी दिवसभर गाऊन दिलं, आणि संध्याकाळी उठायला तयार होईनात.

“माझा गला त्या पेटीत कोंडून ठेवलास, न मना हात हालवत घरा धाडतंस?” त्या म्हणाल्या. “माझा मना दे.”

कापाकापी व्हायची होती. नियम म्हणजे नियम, पण सगुणाबाईंपुढे नियम चालेना. हरिहररावांनी नाइलाजाने कच्च्या टेपवरूनच एक कॅसेट भरून दिली. कच्च्या! म्हणजे धवल्याआधीच्या मंदाकिनीबाईंच्या बोलण्यासकट! अर्धी दाढी तशीच ठेवून हरिहरराव बाहेर आले आणि बायकोला सांगू लागले. इतके अडखळले, की शेवटी त्यांनीच पाटी ओढून घेतली आणि लिहून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी दोघं रिक्षाने गावात गेले. शेतं होती तिथे टॉवर उभे होते, पण टॉवरांच्या मागे जुनी घरं आणि जरीमरीचं देऊळ जागेवर होतं. सगुणाबाई जाऊन बारा वर्षं झाली होती. त्यांची सून मालन ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. तिने पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

“ती क्यासेट कवाच गेली, काका. आय थकली तशी माज्या पोरीनी, संचितानी, वाजवून वाजवून तिच्यावरूनच गानी पाठ केली. मंग फीत तुटली. तवा आमच्या मामंजींनी ती शेतावर बांधली, पाखरं उडवाया.”

हरिहररावांनी मान खाली घातली. चकचकीत तपकिरी फीत वाऱ्यावर फडफडते आणि पाखरं घाबरून उडून जातात, हे त्यांनीही पाहिलं होतं. सगळीकडेच बांधायचे तेव्हा. मंदाकिनीबाईंनी पाटी काढून मालनला लिहून दाखवलं, ‘काही हरकत नाही. तांदूळ छान आहेत.’ बाईंचा स्वभावच तसा, आपलं दुःख झाकून समोरच्याला सावरायचा.

मालनला वाईट वाटलं असावं. “क्यासेट नाय, पन गानी हाइत ना,” ती म्हणाली. “बुधवारी पुतन्याची हलद हाय. सकाली हलद कुटतील. आयच्या जागी आता संचिता गाते. तुमी दोघांनी याचंच. आयची गानी तुमच्याच घरात भरलेली.”

हरिहररावांना जायचं नव्हतं. ज्या गाण्यातून आपण हवं ते गमावलं, ते पुन्हा ऐकून काय करायचं? पण मंदाकिनीबाईंनी बुधवारी सकाळी इरकली नेसून पाटी पिशवीत टाकली, म्हणजे प्रश्न मिटला.

मांडवात डीजेचे भलेथोरले खोके आ वासून बसले होते, पण त्यांची पाळी संध्याकाळी. सकाळचा मान धवलारणीचा. मधोमध उखळ मांडलं होतं, भोवती पाच सवाष्णी मुसळाला हात लावून उभ्या. संचिता पाटावर बसली. पंचविशीची, ठाण्यात बँकेत नोकरीला. मघाशी ती फोनवर कोणाला तरी “अरे यार, हाफ डे टाकलाय मी, बोललेले ना तुला!” म्हणून झापत होती. आता तिने पदर सारखा केला, डोळे मिटले आणि हात जोडले. मांडव चिडीचूप झाला.

आणि तिच्या तोंडून आगरी नव्हे, बँकेतलं नव्हे, तर एक निराळंच मराठी बाहेर पडलं. स्वच्छ, ठाशीव, प्रत्येक शब्द शेवटपर्यंत उच्चारलेलं, शेवटाकडे किंचित वर जाणारं.

“धवला पहिला. टेक तिसरा. सावकाश, घाई नाही.”

पाची जणींनी कपाळाला हात लावून नमस्कार केला, आणि मग मुसळ उखळात पडलं. धवला सुरू झाला.

हरिहररावांच्या अंगावर सरसरून काटा आला. हा संचिताचा आवाज नव्हता, म्हणजे गळा तिचा होता, पण ते थांबणं, ते ‘नाही’वर हलकेच टेकणं, सगळं मंदाकिनीबाईंचं होतं. लहान पोर कॅसेटवरून गाणी शिकली ती पहिल्या सुरापासून नव्हे, पहिल्या आवाजापासून. तिला कोणी सांगितलंच नव्हतं, की एवढं कापायचं असतं.

मालन कानाशी येऊन कुजबुजली, “हे बोलल्याबिगर आमच्यात हलद कुटत नाय. टेक म्हंजे काय, कोनाला म्हाईत? म्हातारी मानसं बोलतात, देवीचं नाव हाय.”

हरिहररावांनी बायकोकडे बोट दाखवलं. हे बोल त्यांचेच, हे मालनला कळलं. तिने तोंडावर हात धरला.

मंदाकिनीबाईंचे डोळे भरून वाहत होते आणि त्या हसत होत्या. धवला संपताच मालनने संचिताच्या कानात सांगितलं. ती पोर पाटावरून उठली ती थेट त्यांच्या पायांशी येऊन बसली.

“आजी, ते तुम्ही आहात? मी बरोबर बोलते ना? चुकत असेल तर सांगा ना!”

मंदाकिनीबाईंनी पाटी घेतली. त्यांनी लिहिलं आणि पाटी संचिताऐवजी नवऱ्यापुढे धरली.

‘अगदी अशीच बोलायचे मी. फक्त “सावकाश, घाई नाही” हे गाणाऱ्यांना नव्हतं. ते तुम्हाला होतं.’

हरिहररावांनी ते दोनदा वाचलं. पंचवीस वर्षं काचेच्या अलीकडे, आपल्या खांद्याला खांदा लावून ही बाई रोज हेच सांगत होती, आणि आपण ते बुवांसाठी, पखवाजवाल्यांसाठी समजून ब्लेडने कापत राहिलो. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

“दुसरा धवला घ्यायचाय,” संचिता म्हणाली. “आजोबा, या वेळी तुम्ही बोलता?”

मुसळ उचललेलंच होतं. सगळा मांडव त्यांच्याकडे बघत होता. हरिहररावांनी तोंड उघडलं.

“धवला दुसरा. ट…”

अडलं. “ट… ट…” कोणी हसलं नाही. देवीचं नाव घ्यायला वेळ लागतो, एवढंच त्या बायकांना वाटलं असेल. कान लाल झाले तसे हरिहरराव मंदाकिनीबाईंकडे वळले. बाईंचे ओठ आवाजाशिवाय हलत होते, आणि काय म्हणताहेत ते हरिहररावांना स्पष्ट ऐकू आलं.

“टेक पहिला,” हरिहरराव म्हणाले, आणि मुसळ खाली आलं.